बर्फातील बाग आणि वाळवंटातील पिंपळ



डिसेंबर उजाडला त्याच दिवशी आमच्या गटात टोरांटोहून एक छायाचित्र आले. दोन वर्षांपूर्वी शारजा सोडून तिकडे गेलेल्या कुटुंबातील नऊ वर्षांच्या मुलीने ते पाठविले होते. नुकताच बर्फ पडला होता. ॲलन गार्डन्स नावाच्या तेथील जुन्या बागेत बाके, पायवाटा, झाडांच्या उघड्या फांद्या, सारे पांढरे झाले होते आणि मधोमध काचेचा एक घुमट उभा होता. १९१० साली बांधलेले ते पाम-घर. दुसऱ्या छायाचित्रात ती त्याच घुमटाच्या आत, अंगातील जाड कोट काढून हातावर घेऊन, केळीच्या झाडाखाली उभी होती. बाहेर उणे पाच अंश आणि आत केळीचे लांब, ओले पान. छायाचित्राखाली तिने एवढेच विचारले होते : आपला पिंपळ इथे राहील का?

या प्रश्नाने आम्ही सारेच थोडे अस्वस्थ झालो. कारण तोच प्रश्न त्या आठवड्यात आमच्यासमोरही होता.

चार गॅलऱ्यांतून फिरलेली कुंडी

आम्ही म्हणजे शारजा, दुबई आणि अजमान येथे राहणारी अकरा कुटुंबे. आमच्यापाशी विहार नाही. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी दिवाणखान्यात जमून आम्ही वंदना घेतो. मात्र आमच्यापाशी एक पिंपळ आहे. नऊ वर्षांपूर्वी आमच्यातील एका ज्येष्ठ काकांना शारजातील एका जुन्या इमारतीच्या पाण्याच्या नळाशेजारी, भिंतीच्या भेगेत, बोटभर उंचीचे रोप दिसले. पक्ष्यांनी फळे खाऊन टाकलेल्या बियांतून पिंपळ असाच कोठेही उगवतो. थेंबभर ओलावा मिळाला की त्याला पुरे होते. रंगरंगोटीच्या वेळी ते उपटले जाणार हे दिसत होते, म्हणून काकांनी ते हलक्या हाताने सोडवून कुंडीत लावले.

काका महासाथीच्या काळात नोकरी गेल्याने अकोल्यास परतले. कुंडी दुसऱ्या घरी गेली. ते कुटुंब टोरांटोस गेले. कुंडी तिसऱ्या घरी, तेथून चौथ्या घरी गेली. अमिरातीत आपले राहणे नोकरीच्या व्हिसाशी बांधलेले असते. तो संपला की घर आवरायचे, सामान वाटायचे, निघायचे. वॉशिंग मशीन आणि सोफा घेणारे पुष्कळ मिळतात. वाढते झाड घेणारा शोधावा लागतो. आता चौथे कुटुंबही येत्या जानेवारीत कॅनडाला चालले आहे. त्यांच्या मुलाने हट्ट धरला होता, पिंपळ आमच्याबरोबर येणार.

ते शक्य नव्हते. कॅनडात बाहेरच्या देशातील मातीसह कुंडी नेता येत नाही. रोप न्यायचे तर परवाने लागतात, वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. शिवाय कोवळा पिंपळ गोठणबिंदूखालील थंडीत टिकत नाही. हे सारे आम्ही मुलाला सांगितले. त्याला ते पटले नाही. मग आम्ही ठरविले की राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत सर्व मुलांना घेऊन येथील एखादी वनस्पतींची बाग पाहायची. एका मातीतले झाड दुसऱ्या हवेत कसे जगवितात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावे.

वाळवंटातील बाग

दुबईच्या अल खवानीज भागात २०१९ साली कुरआनिक पार्क खुले झाले. सुमारे ६० हेक्टरांच्या या बागेत कुराणात आणि पैगंबरांच्या परंपरेत उल्लेखिलेली झाडेझुडपे लावली आहेत. खजूर, ऑलिव्ह, डाळिंब, द्राक्ष, अंजीर, केळी, इतकेच नव्हे तर कांदा, लसूण, मसूर आणि काकडीसुद्धा. एका धर्मग्रंथातील वनस्पती मातीतून वाचायला लावणारी ही बाग आहे. आत जायला पैसे पडत नाहीत. काचघरासाठी तेवढे माफक तिकीट आहे.

अमिरातीत बागेत जायचे ते हिवाळ्यातच. सकाळी अंगावर पातळ स्वेटर लागतो, दुपारी पंचवीस अंशांपर्यंत ऊन चढते. याच मातीवर जुलैत चाळीस अंशांच्या वर पारा असतो. बर्फ येथे जवळजवळ नाहीच. रास अल खैमाच्या डोंगरात, १,९३४ मीटर उंचीच्या जबल जैस परिसरात २००४च्या डिसेंबरात आणि पुन्हा २००९च्या जानेवारीत हिमवर्षाव झाला, तेव्हा ती देशभर बातमी ठरली होती. आमच्या मुलांना ठाऊक असलेला बर्फ म्हणजे मॉल ऑफ द एमिरेट्समधला. २००५ पासून तेथे बंद इमारतीत रात्री पाण्याचे सूक्ष्म तुषार गारठवून बर्फ पाडतात आणि दिवसा त्यावर मुले घसरतात. बाहेर वाळू तापलेली असते. काचेच्या एका बाजूला एक ऋतू आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, ही गोष्ट त्यांना नवी नव्हती.

म्हणूनच कुरआनिक पार्कच्या काचघरात शिरताच एक मुलगी म्हणाली, “हे तर टोरांटोच्या उलटे आहे!” तिचे म्हणणे खरे होते. थंड देशांत काचघर बांधले जाते ते ऊब कोंडून ठेवण्यासाठी. लंडनजवळील क्यू उद्यानातील प्रसिद्ध पाम-घर १८४८ साली पुरे झाले, ते इंग्लंडच्या हिवाळ्यात उष्ण प्रदेशातील ताडमाड जगविण्यासाठी. येथे काचेच्या आत गारवा आणि ओलावा कोंडून ठेवला आहे. सूर्यापासून झाडाला वाचविण्यासाठी आणि हिमापासून वाचविण्यासाठी माणसाने एकच युक्ती योजली. आम्ही काचेला हात लावून पाहिला. डिसेंबर असल्याने आतबाहेर फारसा फरक जाणवला नाही. जुलैत तो हात भाजला असता.

अंजीर, शमी आणि माळी

बागेतील अंजिराच्या झाडापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. कुराणातील ९५व्या सुऱ्याचे नावच ‘अत-तीन’, म्हणजे अंजीर. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने अंजीर, वड, उंबर आणि पिंपळ ही सारी ‘फायकस’ या एकाच प्रजातीतील भावंडे. चौघांचीही फुले फळाच्या आत दडलेली. बहुतेक फायकस झाडांचे परागीभवन त्या त्या जातीच्या चिमुकल्या गांधीलमाश्या करतात. मुलांनी पान तोडले नाही, पण वाकून पाहिले. अंजिराचे पान हातापंजासारखे, खरखरीत. आपल्या पिंपळाचे हृदयाकार, टोकाला लांब शेपूट असलेले. कॅनडाला निघालेल्या मुलाने विचारले, “मग हा पिंपळाचा चुलतभाऊ का?” आम्ही होय म्हटले. परक्या देशात, परक्या धर्माच्या बागेत आपल्या झाडाचा नातलग भेटल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

बागेतून परतताना अल खवानीजच्याच एका वाळूच्या मैदानात गाफ वृक्ष दिसले. गाफ हा अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष. २०१९ हे वर्ष येथे सहिष्णुता वर्ष म्हणून पाळले गेले, तेव्हा त्याचे बोधचिन्हही गाफच होते. या वृक्षाला राजस्थानात खेजडी म्हणतात आणि मराठीत शमी. गावाकडे दसऱ्याच्या दिवशी ज्याचे नाव ऐकले, तोच हा. पाण्याच्या शोधात त्याची मुळे जमिनीत तीस मीटरपर्यंत जाऊ शकतात. आमच्यापैकी काहींना या देशात पंधरा वर्षे झाली होती, आणि तरी हे झाड आपल्याकडचेच आहे हे त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते.

पण त्या दिवसाची सर्वांत महत्त्वाची भेट बागेतच झाली होती, एका माळ्याशी. आळी साफ करणारा तो मनुष्य आमचे बोलणे ऐकून जवळ आला आणि मराठीत बोलू लागला. तो पूर्वीच्या निजामाबाद जिल्ह्यातला, देगलूरच्या सीमेलगतच्या गावचा. बाजार देगलूरचा, त्यामुळे मराठी घरच्यासारखी. त्याने मातीखालच्या ठिबकच्या नळ्या उकरून दाखविल्या. दुबईतील बागांना बहुतांशी सांडपाणी शुद्ध करून ते पाणी दिले जाते, आणि नळीचे एखादे छिद्र क्षारांनी बुजले तर उन्हाळ्यात ते झाड दोन दिवसांत मान टाकते, असे तो म्हणाला. त्यामुळे रोज एकेका झाडापाशी जाऊन मातीत बोट घालून पाहावेच लागते. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करण्यास येथे कायद्याने बंदी आहे. म्हणून उन्हाळ्यात त्याचा दिवस पहाटे सुरू होतो.

आम्ही त्याला आमच्या कुंडीची हकीकत सांगितली आणि विचारले, पिंपळ कॅनडात जगेल का? त्याने क्षणभर विचार केला आणि उलट विचारले, “तुम्ही जुलैत गावी जाता तेव्हा त्याला पाणी कोण घालतं?”

आम्ही गप्प झालो. आपल्या वाचकांपैकी जे आखातात राहतात, त्यांना हे गप्प होणे समजेल. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी लागते आणि सारी घरे कुलूपबंद होऊन नागपूर, नांदेड, मुंबईकडे निघतात. या नऊ वर्षांत दोन उन्हाळ्यांत आमचा पिंपळ पानगळ होऊन जवळजवळ संपला होता. एकदा इमारतीच्या पहारेकऱ्याने आपण होऊन पाणी घातले म्हणून तो वाचला. आम्ही वैशाखी पौर्णिमेस त्या कुंडीपुढे मेणबत्त्या लावीत होतो, त्रिशरण-पंचशील घेत होतो, आणि जुलैत त्याला एका अनोळखी माणसाच्या दयेवर सोडून जात होतो. बर्फ त्याला मारील की नाही याची आम्हांला चिंता लागली होती. आमच्याच हातून तो दोनदा मरता मरता वाचला होता, हे कोणी बोलत नव्हते.

आपली बाग कोणती?

परतीच्या वाटेवर गाडीत मुलांनीच विषय काढला. कुराणातील झाडांची बाग होऊ शकते, तर तथागतांच्या जीवनातील झाडांची बाग केली तर तीत काय काय असेल? यादी पाहता पाहता लांबली. लुंबिनीचा शाल आणि कुशीनगरचाही शाल. बाल सिद्धार्थ ज्याच्या सावलीत ध्यानस्थ बसले तो जांभूळ. बुद्धगयेचा पिंपळ आणि तेथलाच अजपाल वड. राजगृहाचे वेळूवन, वैशालीतील आम्रपालीची आमराई, श्रावस्तीचे जेतवन. मग आमच्यातील एकांनी सांगितले की पालीत ‘आराम’ या शब्दाचा एक अर्थच बाग असा आहे. संघाराम म्हणजे संघाची बाग. भिक्खूंना दान मिळाली ती प्रथम झाडांची सावली. भिंती नंतर आल्या. सम्राट अशोकाच्या गिरनार येथील दुसऱ्या शिलालेखातही असेच आहे. माणसांना व पशूंना उपयोगी औषधी वनस्पती जेथे नव्हत्या, तेथे त्या आणवून लावल्या. मुळे आणि फळेही तशीच आणवून लावली. वाटांवर विहिरी खणल्या आणि झाडे लावली. दुसरीकडून आणून लावणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे, असे दगडावर कोरून ठेवणारा तो राजा होता.

त्याच राजाची कन्या थेरी संघमित्रा बोधिवृक्षाची शाखा घेऊन समुद्रमार्गे श्रीलंकेस गेली. राजा देवानंपिय तिस्स याने ती अनुराधापूरच्या महामेघवनात, म्हणजे पुन्हा एका बागेतच लाविली. श्रीलंकेतील बौद्ध बांधव या आगमनाचे स्मरण दरवर्षी डिसेंबराच्या पौर्णिमेस करतात. ‘महावंस’ या ग्रंथात या प्रवासाचे वर्णन आहे आणि त्यात एक तपशील असा आहे की ज्याकडे आमचे आजवर लक्ष गेले नव्हते. अशोकाने रोपाबरोबर राजघराण्यातील माणसे धाडली, तशीच व्यापारी, गुराखी, विणकर, कुंभार आणि इतर कारागिरांच्या कुळांतील माणसेही धाडली. पाणी घालण्यासाठी सोन्याची आठ आणि चांदीची आठ भांडी दिली. झाड एकटे पाठविले नाही. त्याला पाणी घालणारी माणसे बरोबर दिली, आणि त्या कामात विणकर व कुंभार मोजले गेले. ज्या समाजाला पुढे शतकानुशतके पाणवठ्यावरून हाकलण्यात आले, ज्याला महाडच्या तळ्यावर १९२७ साली ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाच्या वंशजांनी तो तपशील वाचताना थांबणे साहजिक आहे.

त्या झाडाचे पुढे काय झाले, हेही मुलांना सांगितले. बुद्धगयेतील मूळ परंपरेचा वृक्ष १८७६ साली कोसळला. आज तेथे दिसतो तो त्यानंतर कनिंगहॅम यांच्या काळात लावलेल्या रोपाचा. अनुराधापूरला गेलेले झाड मात्र दोन हजार दोनशेहून अधिक वर्षे उभे आहे. १९१३ साली त्याचे एक रोप अनागारिक धर्मपालांकडून हवाई बेटांवर होनोलुलूला मेरी फॉस्टर यांच्याकडे पोहोचले. त्यांची बाग आज फॉस्टर वनस्पती उद्यान म्हणून ओळखली जाते. त्याच १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी उतरले आणि तेथील हिवाळा त्यांनी प्रथमच पाहिला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. मुलांना मात्र ते साल पाठ झाले.

आणि नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष? तो अनुराधापूरच्या महाबोधिवृक्षाचा. भदंत आनंद कौसल्यायन यांनी तेथून रोपे आणली. म्हणजे १४ ऑक्टोबरच्या गर्दीत ज्याच्या सावलीत आपल्या आजी-आजोबांनी शिदोरी सोडली, तो वृक्ष समुद्रापार जाऊन, तेथे दोन सहस्रके जगून, परत आलेल्या घराण्यातला आहे. कॅनडाला निघालेला मुलगा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. मग म्हणाला, “म्हणजे तोपण आपल्यासारखा बाहेर राहून आला.”

किल्ल्यांची यादी

टोरांटोच्या मुलीला आम्ही उत्तर कळविले. आपला पिंपळ तिथे बागेत राहणार नाही. बर्फात तर नाहीच. पण तुझ्या गावातील एखाद्या रोपवाटिकेत पिंपळाचे रोप मिळाले, तर दक्षिणेच्या खिडकीशी, ऊब असलेल्या खोलीत तो कुंडीत वाढेल. हिवाळ्यात पाने गाळील, घाबरू नकोस. माती बोटाने तपासून पाणी घाल. आणि सुट्टीत गावी जाताना शेजाऱ्याला सांगून जा.

हे शेवटचे वाक्य लिहिताना आम्हांला आमचीच लाज वाटली, आणि म्हणून आमच्या कुंडीची व्यवस्थाही त्याच दिवशी केली. कुंडी आता अजमानच्या कुटुंबाकडे गेली आहे. जूनअखेर ते सप्टेंबर या काळात कोणते कुटुंब कधी येथे असणार, याचा तक्ता केला. कोणाच्या घराची किल्ली कोणाकडे राहील, हेही लिहिले. त्या इमारतीच्या पहारेकऱ्यालाही आता आमच्या वंदनेचे निमंत्रण जाते. तो येतो, मागे बसतो, चहा घेऊन जातो. ज्याने झाड वाचविले त्याचे नाव नऊ वर्षांत आम्ही विचारले नव्हते. आता ते आमच्या तक्त्यात सर्वांत वर आहे.

सहा डिसेंबरच्या सायंकाळी अजमानला महापरिनिर्वाण दिनाची अभिवादन सभा झाली. बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी कुंडी ठेवली होती. सभा संपल्यावर कॅनडाला निघालेल्या मुलाने अजमानच्या घरातील मुलीला जवळ बोलाविले. ती त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. त्याने मातीत बोट कसे घालायचे ते तिला दाखविले, पहिल्या पेरापर्यंत, ओले लागले तर पाणी घालायचे नाही. मग त्याने स्टीलचा तांब्या तिच्या हाती दिला. त्या तांब्याच्या बुडाशी काकांच्या आईचे नाव कोरलेले आहे. काकांनी अकोल्यास जाताना तो कुंडीबरोबरच ठेवला होता. मुलीने बोट घालून पाहिले, मग वर पाहिले आणि म्हणाली, “कोरडं आहे.”

“मग घाल,” तो म्हणाला.

जय भीम! नमो बुद्धाय!